खुर्चीतला थकवा

“डॉक्टरसाहेब, पोरगं सावलीत बसून काम करतं, मग थकतं कशानं?” दिवाळीत कापूस वेचणी सोडून आलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगा पुण्याजवळ हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत अभियंता. डोळ्यांची जळजळ, मानदुखी, झोप नाही. त्याला झोपेची गोळी हवी होती.

एरवी आपण मिनिटाला 15-20 वेळा पापण्या मिटतो. संगणकाकडे एकटक पाहताना त्या फार कमी मिटतात व डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी थोडे लांब पाहावे, तासाभराने उठावे, मानही सुटते.

खरे दुखणे झोपेचे. कॅलिफोर्नियात सकाळचे 10 वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा. तिकडच्या ग्राहकाशी बोलणे त्याच वेळी. जागे राहण्यासाठी वर चहा! रात्रीच्या प्रखर उजेडाने शरीरातले झोपेचे घड्याळ पुढे सरकते; अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. मी गोळी दिली नाही. दुपारनंतर चहा बंद, उठण्याची वेळ एकच, अंथरुणात फोन नाही, असे महिनाभर करायला सांगितले.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, “म्हणजे आपण रातच्या लायटीला पाणी द्यायला जातो, तसंच की रे!”