धक्क्यावरची वीज आणि करदात्याचा पैसा
बंदरे आणि पर्यावरण : लेखांक 6

धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद होते, पण विजेची गरज संपत नाही. दिवे, पंप, रीफर कंटेनरांतील माल थंड ठेवणारी यंत्रे यांच्यासाठी साहाय्यक डिझेल इंजिने अखंड धडधडत असतात आणि मालाची चढ-उतार संपेपर्यंत त्यांचा धूर लगतच्या वस्तीवर पसरत राहतो. जमिनीवरून केबलने वीज दिली, तर ही इंजिने बंद ठेवता येतात. मात्र त्यासाठी धक्क्यावर वीज-उपकेंद्र हवे आणि जहाजावर त्याला जुळणारी जोडणीही हवी. बंदराने आधी खर्च केला आणि जहाजे तयार नसली, तर पैसा अडकून पडतो. जहाजमालकाने पुढाकार घेतला, तर जोडणी असलेला धक्का सापडत नाही. या कोंडीत दोघेही थांबून राहतात आणि धुराची किंमत शेजारी राहणारी माणसे आपल्या फुप्फुसांनी चुकवतात. सरकारी पैशाची गरज आहे ती इथे.

कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोडबंदरांचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. तिथे सुरुवात अनुदानाने नव्हे, तर दाव्याने झाली. चायना शिपिंग या जहाज कंपनीच्या नव्या टर्मिनलच्या पर्यावरणीय परिणामांचा नीट अभ्यास झालेला नाही, म्हणून रहिवासी आणि पर्यावरण संस्था 2001 मध्ये न्यायालयात गेल्या. 2003 च्या तडजोडीत लॉस एंजेलिस बंदराला प्रदूषण कमी करण्यासाठी 5 कोटी डॉलरची तरतूद मान्य करावी लागली. 2004 मध्ये याच टर्मिनलवर कंटेनर जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळू लागली.

2006 मध्ये दोन्ही बंदरांनी हवा शुद्धीकरणाचा संयुक्त आराखडा स्वीकारला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वाहतूक सुधारणांसाठी सरकारी कर्जरोख्यांना मंजुरी दिली. त्यांतील 1 अब्ज डॉलर मालवाहतुकीचे प्रदूषण घटवण्यासाठी होते. जुने ट्रक बदलणे आणि धक्क्यांवर वीज पोहोचवणे यासाठी ते वापरले गेले. पण नुसत्या पैशाने जहाजे जोडली गेली नसती. 2007 च्या राज्य नियमाने कंटेनर, रीफर आणि प्रवासी जहाजांच्या ताफ्यांवर टप्प्याटप्प्याने वाढती सक्ती आणली: 2014 पासून निम्म्या, 2020 पासून 80 टक्के फेऱ्यांसाठी. नियम ठरल्यामुळे जहाज कंपन्यांना तयारी करण्यावाचून पर्याय उरला नाही आणि अनुदानातून उभे राहिलेले धक्के वापरात आले. ट्रकांच्या बाबतीतही तेच झाले. 1 ऑक्टोबर 2008 पासून 1989 पूर्वीच्या ट्रकांना बंदरांत मज्जाव झाला. त्याचा भार मात्र स्वतःचा एकच ट्रक चालवणाऱ्या असंख्य चालकांवर पडला. त्यांच्यापर्यंत मदत पोहोचणे हा या योजनेच्या न्याय्यतेचा खरा कस होता.

नियम, शुल्क, अनुदान आणि स्वच्छ इंधन यांच्या एकत्रित परिणामाने 2005 च्या तुलनेत लॉस एंजेलिस बंदरातील डिझेलच्या सूक्ष्म कणांचे उत्सर्जन 85 टक्क्यांहून अधिक घटले. (इंधनातील गंधकाचे नियम हा स्वतंत्र विषय पुढील लेखांकात येईल.)

अमेरिकेच्या केंद्र सरकारने 2022 च्या कायद्याने देशभरातील बंदरांसाठी 3 अब्ज डॉलरची तरतूद केली. त्यांतील 75 कोटी हवेचे मानक न पाळणाऱ्या भागांसाठी राखीव होते. या पैशातून घेतलेली यंत्रे माणसांनीच चालवली पाहिजेत, अशी अट कायद्यातच होती. स्वच्छतेच्या नावाखाली गोदी कामगारांचे काम स्वयंचलित यंत्रांकडे जाऊ नये, यासाठी ती मोलाची होती. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 55 अर्जांना निधी जाहीर झाला. एकट्या लॉस एंजेलिसच्या वाट्याला 41 कोटी डॉलरहून अधिक आले. 2025 मध्ये सत्ताबदलानंतर, करारबद्ध न झालेली शिल्लक रक्कम संसदेने परत घेतली.

भारतात 2023 च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिटन मालामागचे कार्बन उत्सर्जन 2030 पर्यंत 30 आणि 2047 पर्यंत 70 टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. मात्र धक्क्यावरून वीज देण्यात एक अडचण आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, तर बहुतेक मोठ्या जहाजांची 60 हर्ट्झची. म्हणून अमेरिकेत न लागणारे महागडे वारंवारता-परिवर्तक न्हावा-शेवासारख्या बंदरांना घ्यावे लागतात. त्या मानाने, मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणाऱ्या टग बोटींचा प्रश्न सोपा आहे. टग कायम एकाच बंदरात काम करतात, त्यामुळे परदेशी जहाजमालकाच्या तयारीसाठी थांबावे लागत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या हरित टग योजनेत न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरासह चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन हरित टग विकत किंवा भाड्याने घ्यायचे आहेत.