आडनाव सोनाराचं, काम मोजणीचं

भूकरमापक म्हणून माझी नोकरी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गेली. बांधावर साखळी पडली की भोवती जमायचे ते पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले. सगळी कामावरून पडलेली आडनावं. पाटलानं सारा गोळा करायचा, कुलकर्ण्यानं दप्तर लिहायचं, चौगुल्यानं पाटलाला हात द्यायचा. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. आडनावं मात्र राहिली.

इंग्रजांचंही असंच. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. १३७७ ते १३८१ दरम्यानच्या डोईपट्टीच्या याद्यांत माणसाच्या नावाला त्याचा धंदा जोडलेला दिसतो. पुढे धंदा सुटला, नाव चिकटून राहिलं.

असंच आडनाव घेऊन एक साहेब इंदापुरात आला, हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड. गोल्डस्मिड म्हणजे सोनार. लंडनमध्ये हे आडनाव ज्यू घराण्यांचं. बेंजामिन आणि अब्राहम गोल्डस्मिड हे बंधू तिथले बडे पेढीवाले होते. हेन्रीनं मात्र कंपनी सरकारची मुलकी नोकरी धरली.

इंदापूरची अवस्था तेव्हा बिकट होती. आधीच्या प्रिंगल साहेबाच्या मोजणीनं सारा इतका चढा बसवला होता की शेतं पडीक पडली, कुणबी गाव सोडून गेले. १८३५ मध्ये तेवीस वर्षांच्या गोल्डस्मिडनं लेफ्टनंट विंगेटला सोबत घेऊन काम नव्यानं हाती घेतलं. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती पाडल्या. सर्वांत चांगली ती सोळा आणे. चुनखडी, वाळू, उतार, जो दोष दिसेल त्याप्रमाणे प्रत खाली. दर उतरवले आणि तीस वर्षं वाढणार नाहीत अशी हमी दिली. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. १८४७ मध्ये डेव्हिडसन या मोजणी अधिकाऱ्यासह या दोघांनी दिलेल्या अहवालावर मुंबई इलाख्याची पुढची जमाबंदी उभी राहिली.

गोल्डस्मिड १८५५ मध्ये कैरोत वारला. मोजणी जिथे सुरू झाली त्याच भागात, डिकसळला, वर्गणीतून त्याच्या स्मरणार्थ विश्रांतिगृह बांधलं गेलं. १८६५ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी ते खुलं केलं.

आडनावावरून फार तर पूर्वजाचा धंदा कळतो, माणसाचं काम कळत नाही. ते कागदात शोधावं लागतं. पुढच्या वेळी सातबारा काढाल तेव्हा 'आकार' हा साऱ्याचा रकाना जरूर वाचा. तिथला आकडा किरकोळ वाटेल, पण तो ठरवायची रीत याच इंदापूरच्या शेतांत बसली.