पाठीवरचे ओझे : दोन दिवसांच्या पदभ्रमंतीसाठी काय घ्यावे, काय वगळावे

पावसाळा सरून ओहोळांचे पाणी निवळले की सह्याद्रीच्या वाटा पुन्हा जाग्या होतात. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांतील रानवाटांवर, चोर्ला घाटाच्या माथ्यावर किंवा सीमेपलीकडे दोडामार्ग आणि खानापूरच्या जंगलात शनिवार-रविवार साधून जाणाऱ्यांची संख्या नोव्हेंबरपासून वाढू लागते. शनिवारी पहाटे निघायचे, डोंगरालगतच्या एखाद्या वाड्यावर रात्र काढायची आणि रविवारी सायंकाळी घरी परतायचे, असा हा बेत. मुक्काम एकच, परंतु अनेकांच्या पाठीवरची सॅक पाहिली तर घर बदलायला निघाल्यासारखे वाटते.

पहिल्या दोन तासांच्या चढणीत हे ओझे जाणवत नाही. दुपारनंतर ते खांद्यात उतरते आणि दुसऱ्या दिवशीच्या उतारावर गुडघ्यांत. थकलेला पाय सैल दगडावर नीट पडत नाही आणि घसरण्याचे प्रसंग चढणीपेक्षा उतारावर अधिक येतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दाट झाडीत त्याआधीच अंधारते. एकाची चाल मंदावली की सगळ्या गटाला उशीर होतो. त्यामुळे सॅकचे वजन हा जसा सोयीचा, तसाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

हलक्या सामानाची परंपरा

कमी सामानात दूर चालणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. खांद्यावर पडशी टाकून पंढरीची वाट धरणाऱ्या वारकऱ्याला त्यासाठी कोणत्याही दुकानात जावे लागले नाही. पाश्चात्त्य देशांतही या विचाराचा सर्वांत ठळक दाखला एका आजीबाईंचा आहे. एमा गेटवूड या अमेरिकन महिलेने १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली अॅपलाचियन वाट एकटीने पार केली. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, थंडीसाठी एक ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघरातील प्लॅस्टिकचा पडदा, एवढेच त्यांचे मुख्य सामान. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन या गिर्यारोहकाने आपल्या लेखनातून हलक्या सामानाची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली आणि ती जगभर पसरली.

या पद्धतीत सामानाचे दोन भाग करतात. अन्न, पाणी यांसारख्या वाटेत संपणाऱ्या वस्तू एका बाजूला आणि उरलेले सारे, म्हणजे मूळ वजन, दुसऱ्या बाजूला. मूळ वजन नऊ किलोंच्या आत असेल तर सामान हलके आणि साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलके, असा संकेत आहे. भरलेली सॅक चालणाऱ्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नसावी, हा आणखी एक रूढ नियम. साठ किलोंच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा बारा किलो होते. मात्र ती बहुदिवसीय मोहिमांसाठीची कमाल मर्यादा आहे. गोव्याच्या हवेत एका मुक्कामासाठी सात किलो पुरेसे ठरतात.

आधी वजनकाटा, मग खरेदी

ओझे कमी करायचे म्हटले की पहिला विचार महागड्या वस्तूंचा येतो. खरे तर सुरुवात वजनकाट्यापासून व्हावी. स्वयंपाकघरातील छोटा काटा यासाठी चालतो. प्रत्येक वस्तू तोलून कागदावर लिहिली की वजन कुठे दडले आहे ते लगेच दिसते. तीन विजारी, चार टी-शर्ट, जाड टॉवेल, अख्खी टूथपेस्ट, शाम्पूची बाटली, खेळायला पत्ते, ऐकायला स्पीकर आणि ‘असू दे, लागला तर’ म्हणून घेतलेला जाड स्वेटर. यांतील एकही वस्तू फार जड नसते, पण बेरीज सहज तीन-चार किलोंवर जाते. ही कपात करायला एक रुपयाही लागत नाही.

दुसरी कपात वाटून घेण्यातून होते. चौघांच्या गटाला प्रथमोपचार पेटी एक पुरते, चाकू एक पुरतो, पाणी गाळायचे साधन एक पुरते. निघण्याच्या आदल्या दिवशी कोणी काय आणायचे हे ठरवले नाही तर चौघेही सगळे आणतात, किंवा एखादी आवश्यक वस्तू कोणीच आणत नाही.

सॅक, अंथरूण आणि निवारा

मूळ वजनाचा मोठा हिस्सा या तिघांत असतो. दोन दिवसांसाठी ३० ते ४० लिटरची सॅक पुरे. साठ लिटरची सॅक घेतली की रिकामी जागा भरण्याचा मोह होतो. सॅक निवडताना ती स्वतः एक किलोच्या आसपास असावी आणि तिला कमरेचा रुंद पट्टा असावा. हा पट्टा नितंबांच्या हाडावर नीट बसला तर भाराचा मोठा वाटा खांद्यांवरून कमरेवर उतरतो. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून पाहणे उपयोगाचे नाही. पाच-सहा किलो भरून, पट्टे आवळून थोडे चालून पाहावे.

अंथरुणाबाबत हवामानाचा हिशेब करावा. किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण २० अंशांच्या आसपास असते. उंची हजार मीटरने वाढली की हवा सुमारे सहा अंशांनी गार होते. म्हणजे सात-आठशे मीटरवरील घाटमाथ्यावर चार-पाच अंशांचा फरक पडतो. हिमालयासाठी बनवलेली दीड-दोन किलोंची स्लीपिंग बॅग येथे अनावश्यक आहे. पातळ फ्लीसची चादर किंवा हलकी स्लीपिंग बॅग आणि खाली चारेकशे ग्रॅमची फोमची मॅट पुरते. मॅट मात्र वगळू नये, कारण झोपलेल्या शरीराची ऊब हवेपेक्षा जमीन अधिक वेगाने ओढून घेते.

तंबूची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे प्रवेशासाठी वन खात्याची परवानगी लागते. मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. रात्र गावातील घरात, देवळाच्या मंडपात विचारून किंवा अधिकृत निवासात काढायची असेल तर दोन-अडीच किलोंचा तंबू घरीच राहू द्यावा.

कपडे, बूट आणि गोचीड

कपड्यांसाठी दोन जोड्यांचा नियम पाळावा. एक अंगावर चालण्याचा, दुसरा सॅकमध्ये रात्रीचा. रात्रीचा जोड कोरडाच राहिला पाहिजे. सुती कपडा घाम शोषून जड होतो आणि वाळायला वेळ लावतो; ओल्या सुती सदऱ्यात घाटमाथ्यावरचा वारा बोचतो. चालण्यासाठी पॉलिस्टरचा पातळ सदरा बरा. मोजे मात्र दोन जोड जास्त घ्यावेत. ओल्या मोज्यांत फोड येतात आणि फोड आलेल्या पायांनी हलकी सॅकसुद्धा जड होते.

पायांतील वजनाचा हिशेब वेगळा आहे. प्रत्येक पावलागणिक बूट उचलावा लागत असल्याने पायांतील एक किलो वजन पाठीवरील चार ते सहा किलोंइतकी ऊर्जा खर्च करते. जाड कातडी बुटांऐवजी चांगली पकड असलेले हलके बूट म्हणूनच आपल्या वाटांना योग्य. ते नवेकोरे असू नयेत. आधी महिनाभर तरी पायांत रुळलेले असावेत.

एका बाबतीत मात्र हलकेपणाचा हट्ट सोडावा. उकाडा नको म्हणून अनेकजण आखूड विजार घालून रानात शिरतात. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गेल्या दशकात सत्तरी आणि दोडामार्ग परिसरातही आढळला आहे. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात शिरतो आणि त्याचा मोसम पदभ्रमंतीच्या मोसमातच येतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यांत खोचलेली लांब विजार आणि उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम आवश्यक आहे. पालापाचोळ्यात बसकण मारू नये आणि मुक्कामी पोहोचल्यावर अंग तपासावे. परतल्यानंतर ताप आला तर रानात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पाणी आणि शिदोरी

सॅकमधील सर्वांत जड वस्तू पाणी आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि यात तंत्रज्ञान काही करू शकत नाही. उकाड्यात चालताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते. वजन वाचवण्यासाठी लोक नेमके येथेच कात्री लावतात आणि ती सर्वांत धोक्याची ठरते. योग्य मार्ग म्हणजे वाटेवरचे पाणवठे गावकऱ्यांकडून आधी विचारून घेणे. नोव्हेंबरात खळाळणारा ओहोळ फेब्रुवारीत कोरडा असू शकतो. भरवशाचा पाणवठा वाटेत असेल तर दोन लिटर पुरतात आणि शंभर ग्रॅमच्या आसपासची गाळणी किंवा क्लोरिनच्या गोळ्या आणखी दोन किलोंचे ओझे वाचवतात. ओहोळाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये.

शिदोरी निवडताना वजन आणि उष्मांक यांचे गुणोत्तर पाहावे. शंभर ग्रॅम सफरचंदातून सुमारे ५० उष्मांक मिळतात, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक. शेंगदाण्याची चिक्की, सुके खोबरे, गूळ, भाजलेले चणे, खजूर, चपात्या आणि सुकी चटणी ही आपली जुनी शिदोरी या कसोटीवर उत्तम उतरते. पोहे भिजवून गूळ-खोबऱ्याबरोबर खाल्ले तर स्टोव्हही लागत नाही. भांडी, इंधन आणि स्टोव्ह वगळल्याने किलोभर ओझे तर कमी होतेच, शिवाय आगीचा धोकाही टळतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक डोंगरांवर पेटलेले वणवे अजून विस्मरणात गेलेले नाहीत. अभयारण्यात आग पेटवणे हा गुन्हा आहे.

कात्री न लावण्याच्या वस्तू

काही वस्तू बहुतेक सहलींत सॅकमधून बाहेरही निघत नाहीत. म्हणून त्या अनावश्यक ठरत नाहीत. डोक्याला लावायची विजेरी त्यांपैकी पहिली. फुरशासारखे विषारी साप अंधारात सक्रिय असतात आणि मोबाइलच्या उजेडावर उतरताना एक हात अडकून पडतो. त्याखेरीज जखमेची पट्टी, जंतुनाशक, नेहमीची औषधे, जलसंजीवनीची दोन पाकिटे, शिट्टी, पातळ रेनकोट आणि वाटेचा कागदी नकाशा हवाच. रानात नेटवर्क शोधताना मोबाइलची बॅटरी लवकर संपते, म्हणून तो विमान अवस्थेत ठेवावा. कुठे चाललो आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवण्याला तर वजनच नसते.

हिशेब असा बसतो. सॅक १,००० ग्रॅम, मॅट ४००, पांघरूण ६००, कपडे व रेनकोट ९००, विजेरी व पॉवर बँक २५०, औषधे व शिट्टी ३००, रिकाम्या बाटल्या, गाळणी व इतर २५०. मूळ वजन झाले तीन किलो सातशे ग्रॅम. त्यात सव्वा किलोच्या आत शिदोरी आणि दोन लिटर पाणी मिळवले की एकूण सात किलोंच्या आत भागते.

भरण्याची रीत

सर्वप्रथम सॅकमध्ये मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी. सॅकवरचे आवरण पाठीकडून झिरपणारे पाणी अडवत नाही. आतली पिशवी ओढा ओलांडताना पाय घसरला तरी कपडे कोरडे ठेवते. तळाशी पांघरूण आणि रात्रीचे कपडे, मधोमध पाठीला चिकटून पाणी व शिदोरीसारख्या जड वस्तू, बाहेरच्या बाजूला हलक्या वस्तू, वर रेनकोट आणि औषधे. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकतो. बाहेर लोंबकळणारे काही ठेवू नये. झुडपांत ते अडकते. दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे ना, हे सॅक चढवून घरातच पाहावे.

परतल्यावर सामान उपसताना त्याचे तीन ढीग करावेत : वापरलेले, न वापरलेले आणि हवे होते पण नेले नाही असे. दुसऱ्या ढिगातून विजेरी, औषधे आणि रेनकोट बाजूला काढून उरलेले पुढच्या वेळी घरी ठेवावे. तिसऱ्या ढिगाची नोंद वजनाच्या त्याच कागदावर करावी. दोन-तीन सहलींत ज्याची त्याची यादी तयार होते आणि ती दुकानातील कोणत्याही तयार यादीपेक्षा अधिक उपयोगी असते.