समुद्र ‘स’ गिळतो तेव्हा

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालं की काळबादेवी मागे पडते, आरे येतं, मग गाडी चढणीला लागते आणि वरच्या वळणावरून दोन पुळणी एकदम दिसतात: एकीकडे आरे, दुसरीकडे वारे, मध्ये समुद्रात घुसलेला डोंगर. लोक इथे फोटोसाठी थांबतात. मी ऐकायला थांबते. मला आत्मचरित्रं कानांनी वाचायची सवय आहे, आणि आवाज म्हणजे काय चीज आहे हे या एका डोंगराने मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

खाली सुरूच्या बनातून पुळणीवर जा आणि मोबाइलच्या स्पीकरवर एखादं आत्मकथन लावा. कितीही मोठ्याने लावा, शब्द कुरतडल्यासारखे येतील. नीट कान दिला तर कळतं की समुद्र सगळेच ध्वनी सारखे खात नाही. ‘आ’, ‘ओ’ टिकतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ नाहीसे होतात. स्वरांची ताकद मुख्यतः हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते. ‘स’ची सळसळ चार हजारांच्या वर, आणि मुळातच क्षीण. फुटणाऱ्या लाटेत हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात, थरथरतात, फुटतात. त्यांचा फेसाळ आवाज त्याच उंच पट्टीपर्यंत पसरलेला असतो आणि ‘स’ला पोटात घेतो. गंमत अशी की बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण एक शब्द दुसऱ्यापासून ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांमुळे. म्हणजे समुद्र नेमकं मोलाचं तेच उचलतो.

आता वर घाटात या. तोच समुद्र, पण फेसाची ती फुसफुस गेलेली आणि उरलेली नुसती खर्जातली गाज. उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो, शिवाय डोंगराची कड आडवी येते. खर्जाच्या ध्वनिलहरी लांबलचक, त्या कडेला वळसा घालून वर येतात. ‘स’ची जागा मोकळी होते आणि पुस्तक पुन्हा ऐकू येऊ लागतं.

पण मी थक्क झाले ते यापुढच्या गोष्टीने. पुळणीवर इतके ध्वनी हरवूनही गोष्ट कळत होतीच. 1970 साली रिचर्ड वॉरेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका ध्वनिमुद्रित वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला पहिला ‘स’ कापून काढला आणि तिथे खोकल्याचा आवाज भरला. ऐकणाऱ्या 20 जणांपैकी 19 जणांनी सांगितलं की एकही ध्वनी गहाळ नाही. त्यांना तो ‘स’ ऐकू आला होता! मेंदूने मागच्यापुढच्या शब्दांवरून तो घडवला आणि कानाने ऐकला म्हणून खपवला. म्हणजे ऐकणं हे निम्मं रचणं आहे.

आणि इथेच मला आत्मचरित्राचं वर्म सापडतं. मेंदू गाळलेल्या जागा भरणार त्या संदर्भाच्या जोरावर. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला एक आकडा लाटेने खाल्ला तर तो कुठल्याही संदर्भाने परत येत नाही आणि पुढचं पानभर मुद्दा लंगडतो. पण एक माणूस आपलं आयुष्य सांगतोय, घर कुठलं, आई कशी, पोट कशावर भरतं हे आपल्याला ठाऊक झालंय, तर त्याचं अर्धं वाक्य आपण पुरं करतो. माहितीपर पुस्तकं मीही ऐकते, पण ती घरी, दार लावून, आणि नंतर छापील प्रत चाळते. वाटेत, वाऱ्यात, समुद्राशेजारी टिकतं ते आत्मकथनच.

2019 साली बर्कली विद्यापीठात फातमा डेनिज, जॅक गॅलंट आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. एकदा त्यांना कथनं ऐकवली, एकदा तीच वाचायला दिली. कथनं होती ‘द मॉथ’ या कार्यक्रमातली, जिथे माणसं श्रोत्यांसमोर उभी राहून स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगतात. शब्दांच्या अर्थाला मेंदूतले कुठले कुठले भाग जागे होतात याचे नकाशे काढले, तर ऐकतानाचा आणि वाचतानाचा नकाशा जवळजवळ एकच निघाला. ऐकणं म्हणजे आळशाचं वाचन, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

अर्थ दोन्हीकडे सारखाच पोचत असेल, तर आवाज जास्तीचं काय देतो? याच मातीतलं पुस्तक घ्या. उर्मिला पवार रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांचं आत्मकथन ‘आयदान’ 2003 साली आलं. सुरुवातीलाच डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चढ-उतार तुडवत निघालेल्या बायका भेटतात. हा भाग डोळ्यांनी वाचताना मी बोलीतली वाक्यं झरझर ओलांडून गेले होते. घरी तीच पानं मोठ्याने वाचली तेव्हा चढणीवर माझाच श्वास वाक्याच्या मध्ये तुटू लागला. स्वल्पविराम कुठे आहे यापेक्षा ओझं कुठे आहे हे महत्त्वाचं ठरलं. सुषमा देशपांडे यांनी ‘आयदान’ रंगमंचावर आणलं, ते मला म्हणूनच स्वाभाविक वाटतं; या गद्याला तोंड हवंच आहे.

या कारणाने माझे काही हट्ट आहेत. आत्मकथन दीडपट वेगाने ऐकू नये. वेग वाढवला की सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी सांभाळतं, पण शब्दांमधल्या शांतता आखूड होतात, आणि सांगणारा कुठे अडला हे त्या शांततेतच असतं. मागे सतार किंवा बासरी नको. संक्षिप्त आवृत्ती तर मुळीच नको. आणि लेखक हयात असेल तर त्यानेच वाचावं, उच्चार घासूनपुसून नसले तरी चालेल. पुलंच्या आवाजात ‘अंतू बर्वा’ ऐकलेल्या माणसाला तो रत्नागिरीकर दुसऱ्या कुठल्या आवाजात सहसा रुचत नाही. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यावर मराठी पुस्तकं मोबाइलवर ऐकणं सर्रास झालं. पण मराठी कान त्याआधीच कॅसेटवर तयार झाला होता, आणि त्याही आधी पोथी नि कीर्तनावर.

मग जे लेखक हयात नाहीत, त्यांचं काय? मला सर्वांत ओढ आहे ती एका घरातल्या दोन पुस्तकांची. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 सालचं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई जोशी देवरुखच्या. दोघांचा विवाह 1893 साली झाला, त्या आनंदीबाई झाल्या, आणि मुरुडने या जोडप्याला वाळीत टाकलं. आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ 1944 साली छापून आलं. अण्णांचं गद्य संथ, हिशेबी, स्वतःला मागे ठेवणारं. आनंदीबाईंचं चुलीजवळ बसून सांगावं तसं. अण्णांसाठी मी असा वाचक निवडीन जो कुठेच आवाज चढवणार नाही. आनंदीबाईंसाठी देवरुखकडचीच एखादी वयस्क बाई, जिच्या बोलण्यात तिथला हेल अजून शाबूत आहे. बहिष्काराचा प्रसंग आधी अण्णांच्या तोंडून ऐकायचा, आणि मध्ये काहीही न लावता लगेच आनंदीबाईंच्या.