शाळकरी मुलांची मापे घेण्याचे प्रयोजन

आमच्या निधीस उदार हस्ते साहाय्य करणाऱ्या काही गृहस्थांनी असा प्रश्न केला आहे की, दुष्काळनिधीतून धान्य घ्यावयाचे सोडून वजनकाटे व मोजपट्ट्या कशासाठी घेतल्या? प्रश्न रास्त आहे. आणि देणगीदारांस हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार असल्यामुळे त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दुष्काळात धान्य नेहमीच अपुरे असते. सबब आधी कोणास द्यावे, हा निर्णय टळत नाही. तो केवळ चेहरा पाहून केला, तर जो रडतो त्यास मिळते व जो निमूट बसतो तो राहून जातो. आणि फार दिवस उपाशी असलेले मूल बहुधा निमूटच बसते. मापास मात्र कोणाची भीड नसते.

मापे तीन आहेत व प्रत्येकाची साक्ष निराळी आहे. वयाच्या मानाने उंची फार कमी भरली, तर अन्नाची उणीव पुष्कळ काळची, किंवा मागे होऊन गेलेली, असे अनुमान निघते. उंचीच्या मानाने वजन कमी भरले, तर ती बहुधा अलीकडची असते. यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात व येणारा आकडा वयाशी ताडून पाहतात. उदाहरणार्थ, आठ वर्षांच्या मुलग्याची उंची १२० सेंटिमीटर व वजन १८ किलो असेल, तर भागाकार १२.५ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत त्या वयाच्या मुलग्यांची खालची मर्यादा सुमारे १३.३ आहे. अर्थात हा मुलगा हसतखेळत असला, तरी त्यास जादा आहार अवश्य आहे.

तिसरे माप दंडाच्या घेराचे. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियात बायफ्राचे युद्ध झाले, तेव्हा क्वेकर पंथाच्या मदतकार्यकर्त्यांनी एक काठी योजिली. तीवर निरनिराळ्या उंचीस दंडाचे घेर लिहिलेले असत. मुलाचा दंड मोजून त्यास काठीशी उभे करीत. त्याच्या घेराच्या खुणेहून तो उंच भरला, तर तो कृश समजला जाई. वय ठाऊक नसले व काटा जवळ नसला, तरी काम अडत नसे.

मापांसही मर्यादा आहेत. पायांवर सूज असेल, तर अंगातील पाण्याने वजन फसवे भरते. म्हणून पायावर अंगठा दाबून खळगा राहतो की काय, हेही पाहावे लागते. शिवाय एका वेळच्या वजनाने स्थिती कळते, दिशा कळत नाही. तीच मुले, त्याच काट्यावर, पादत्राणे काढून, दरमहा तोलली म्हणजेच आपले अन्न अंगी लागते आहे की नाही, हे समजते.

आमच्या जमीनदार वाचकांस शेताची आणेवारी परिचित आहे; पीक किती बुडाले, हे ती सांगते. त्या बुडाल्या पिकाचा भार घराघरांतून कोणावर पडला, हे मुलांची मापे सांगतात. व्यापारी बंधूंस तर खरा काटा म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नकोच. त्यांनी काटे पारखण्यासाठी आपली प्रमाणित वजने महिन्यातून एक दिवस द्यावी, आणि सर्वांनी नवे पीक हाती येईपर्यंत धान्याचा ओघ तुटू देऊ नये, अशी आमची सविनय विनंती आहे. काट्याने गरजू मूल सापडते. परंतु त्याचे पोट काट्याने भरत नाही.