जमिनीखालील धातू आणि जमिनीखालील इतिहास

1891 साली बेंगळूरजवळ यशवंतपूर येथे रेल्वेचे खोदकाम चालू असता मजुरांना मातीत चांदीची 163 नाणी सापडली. ती मैसूरच्या राजांची नव्हती, विजयनगरचीही नव्हती. त्यांवर रोमच्या ऑगस्टस, टायबेरियस इत्यादी सम्राटांचे मुखवटे होते. हजारो कोस दूर पाडलेली ही नाणी सुमारे अठराशे वर्षे दक्षिणेच्या तांबड्या मातीत पडून होती. पुढील शतकात बेंगळूरच्या जुन्या विमानतळाच्या परिसरातही अशीच रोमन नाणी मिळाली.

यशवंतपूरच्या उत्तरेस थोड्या अंतरावर येलहंका हे गाव आहे. आज ते बेंगळूर शहरातच सामावले गेले असले तरी वयाने ते शहराहून वडील आहे. 1537 मध्ये बेंगळूरचा मातीचा कोट बांधणारा केंपेगौडा हा येलहंक्याच्या प्रभूंच्या घराण्यातला. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर जिंकले आणि तेथील कारभार शहाजीराजांकडे आला. जेथे इतक्या सत्ता नांदल्या आणि इतक्या फौजांचे तळ पडले, तेथे जमिनीत काहीतरी पुरलेले असणारच, असे कोणासही वाटावे. हातात धातुशोधक यंत्र घेऊन सुट्टीच्या दिवशी माळरानावर फिरणे हा ऑस्ट्रेलिया, इंग्लंड व अमेरिका या देशांत हजारो लोकांचा छंद आहे. असे यंत्र आता आपल्याकडेही विकत मिळते. ते नेमके काय करते, त्याला सोने सापडते काय, आणि सापडलेली वस्तू उकरून काढल्याने काय घडते, हे तीन प्रश्न म्हणून विचारात घेण्याजोगे आहेत.

गुप्तधन शोधण्याची हौस यंत्राच्या फार आधीची आहे. जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले अशा पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत द्रव्य दिसते, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यापायी मुलाबाळांचे हाल झाले. गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अमानुष प्रकारांना महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने बंदी घातली, तेव्हा ही समजूत पुरती मेलेली नव्हती. यंत्राला अंजन लागत नाही. पण पायाळूकडून ज्या अपेक्षा असत त्याच अपेक्षा लोक यंत्राकडून बाळगतात, आणि फसगतीचे मूळ तेथेच आहे.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. त्याच्या टोकाशी थाळीसारखा भाग असतो, त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की त्याच्याभोवती तसेच सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते आणि ते जमिनीत शिरते. तेथे एखादा धातूचा तुकडा असेल तर विद्युत् चुंबकीय प्रवर्तनामुळे त्या तुकड्यात पाण्यातील भोवऱ्यांसारखे बारीक प्रवाह फिरू लागतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि शोधकाच्या कानात नाद घुमतो. जमिनीतून प्रतिध्वनी यावा तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे ध्वनीऐवजी चुंबकीय क्षेत्र परत येते.

परत येणारे हे उत्तर मूळ प्रवाहाच्या मानाने किंचित मागे पडलेले असते. चांदी व तांबे विजेचे उत्तम वाहक असल्याने त्यांचे मागे पडणे वेगळे, लोखंडाचे वेगळे. या फरकावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. पण तो अंदाजच होय. उत्तर केवळ धातूवर नव्हे, तर तुकड्याचा आकार, जाडी आणि तो मातीत आडवा आहे की उभा, यांवरही अवलंबून असते. सोन्याची पातळ अंगठी आणि पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे नाद बहुधा सारखेच येतात. म्हणून सोन्याच्या आशेने फिरणाऱ्याच्या पिशवीत दिवसअखेर बाटल्यांची बुचे, खिळे आणि डब्यांच्या कड्याच अधिक भरतात.

हे तत्त्व प्रथम धनासाठी वापरले गेले नाही. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे एक उपकरण वापरले. प्रयोग फसला. अध्यक्ष ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या आणि शल्यवैद्यांनी भलत्याच बाजूस शोध घ्यावयास लावले होते. 1930 नंतरच्या दशकात गेरहार्ड फिशर यांनी अमेरिकेत हातात धरून नेता येईल असे यंत्र बनवून त्याचे एकस्व घेतले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने तयार केलेले सुरुंगशोधक 1942 मध्ये एल् अलामेनच्या वाळवंटात उपयोगी पडले. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे बाजारात आली, त्यांतूनच हा छंद वाढला. आज विमानतळावरील ज्या चौकटीतून प्रवासी आत जातात तीही याच कुळातली.

यंत्र खोलवर का पाहू शकत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वेटोळ्यापासून दूर जावे तसे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने दुबळे होते. अंतर दुप्पट केले तर ते सुमारे आठव्या हिश्शावर येते. तुकड्याचे उत्तर परत येतानाही तसेच दुबळे होते. आठ गुणिले आठ, म्हणजे लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले की उत्तर चौसष्टाव्या हिश्शाएवढेच उरते. त्यामुळे एखादे नाणे वीतभर खोलीपर्यंत सापडते, त्याखाली बहुधा नाही. दहा हात खाली पुरलेला हंडा दाखवतो असे सांगून यंत्र विकणारा मनुष्य पायाळूचाच भाऊबंद समजावा. शिवाय बेंगळूरच्या परिसरातील माती लोहयुक्त, म्हणूनच तांबडी. अशा मातीतील लोहाची काही खनिजेसुद्धा यंत्राला उत्तर देतात. मातीचा हा कोलाहल वजा करण्याची सोय यंत्रात करावी लागते, आणि ती केल्यावर बारीक वस्तूंचा नादही थोडा बुडतोच.

आता सोन्याकडे वळू. कोलारच्या सोन्याच्या खाणी बेंगळूरच्या पूर्वेस, शंभर किलोमीटरच्या आत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे यंत्रांनी खणावयास सुरुवात झाली, सुमारे 3,200 मीटर खोलीपर्यंत माणसे उतरली, आणि 2001 मध्ये त्या बंद पडल्या. मग शेजारच्या रानात यंत्र फिरवले तर सोन्याचे खडे का मिळू नयेत? कारण कोलारचे सोने खड्यांच्या रूपात नाहीच. ते गारेच्या शिरांमध्ये डोळ्यांना बहुधा न दिसणाऱ्या कणांत विखुरलेले आहे. शेवटच्या काळात टनभर दगड दळला तर मिळणारे सोने मोजक्याच ग्रॅमांत भरे. एवढ्या बारीक कणांत भोवरे फिरणार तरी किती? ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात गोष्ट निराळी. तेथे 1980 मध्ये एका छंदिष्टाला यंत्राने 27 किलोग्रॅमहून अधिक वजनाचा सोन्याचा गोळा सापडला, तोही जमिनीच्या वरच्या थरातच. येलहंक्याखाली तर कोलारचा पट्टाही नाही. तेथे आहे तो अतिप्राचीन पट्टिताश्म. बारीक सोने मिळवण्याची खरी विद्या आपल्याकडे झारेकऱ्यांपाशी होती. सराफकट्ट्यावरील धूळ आणि राख धुऊन ते सोन्याचे कण वेगळे करीत. त्यांना यंत्र लागले नाही, पाणी आणि चिकाटी लागली.

सोने नाही, तर मग जुनी नाणी व वस्तू यांचे काय? येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही.

1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती, सर्व क्षहरात राजा नहपान याची. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव सातकर्णीनेच केला, दोघांच्या मध्ये दुसरा कोणी राजा आला नाही, या निष्कर्षास या साठ्याने भक्कम आधार दिला. यातील एकेक नाणे वेगळे पाहिले तर ते एवढे बोलत नाही. साठा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणून प्रमाण कळले आणि प्रमाणावरून इतिहास. हाच साठा पन्नास जणांनी वाटून घेऊन सोनारांना विकला असता, तर चांदीचे चार पैसे मिळाले असते आणि एक प्रकरण कायमचे कोरे राहिले असते.

उलट प्रकार दायमाबादचा. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या गावी 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझच्या चार ओतीव मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ व त्यातील मनुष्य, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातील हे एक रत्न होय. त्या शेतकऱ्याचा काही दोष नव्हता. तो मूर्ती शोधत नव्हता. पण मूर्ती कोणत्या थरात, कोणत्या खापरांच्या सोबतीने पडल्या होत्या, याची नोंद त्या क्षणी करणारे कोणी तेथे नव्हते. पुढे पुरातत्त्व खात्याने त्याच जागी अनेक हंगाम उत्खनन केले. तरीही त्या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत वाद राहिला. काहींच्या मते त्या हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील, तर इतरांना त्या बऱ्याच नंतरच्या वाटतात. धातूच्या अंगावर वय लिहिलेले नसते. ते भोवतालच्या मातीत लिहिलेले असते, आणि वस्तू उपटून काढली की पुसले जाते.

अपघाताने झालेले नुकसान एक आणि लोभाने केलेले दुसरे. 2019 च्या जुलै महिन्यात तुंगभद्रेच्या पात्रातील नववृंदावन बेटावर, आनेगुंदीजवळ, व्यासराजतीर्थांचे वृंदावन निधीच्या आशेने काही जणांनी रातोरात फोडले. भाविकांनी ते पुन्हा उभारले. पण मूळ रचना ती मूळ रचना.

म्हणून कायदा या बाबतीत कडक आहे. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. शोधणाऱ्यास त्यात काहीच नाही असे मात्र नव्हे. ठेवा बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे व एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारने तो घ्यायचा ठरवला तर धातूच्या किमतीवर एकपंचमांश अधिक द्यावे लागतात. कर्नाटकात यासाठी 1962 चा स्वतंत्र कायदा आहे. संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्यावाचून खणता येत नाही, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी व मूर्ती 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात. त्या खाजगी माणसास देशाबाहेर नेता येत नाहीत.

छंद आणि विद्या यांचा मेळ बसूच शकत नाही, असे नाही. 1987 मध्ये जर्मनीत काल्क्रीजे येथे एका ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यास आपल्या यंत्राने शंभराहून अधिक रोमन चांदीची नाणी मिळाली. ऑगस्टसनंतरचे एकही नाणे त्यांत नव्हते. त्याने जागा नकाशावर टिपून स्थानिक पुरातत्त्वज्ञांना कळवले, आणि इ. स. 9 मध्ये तीन रोमन पलटणी जेथे नष्ट झाल्या त्या रणभूमीचा माग त्यातून लागला असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमध्ये 1997 पासून अशा शोधांची नोंद ठेवणारी सार्वजनिक व्यवस्था आहे. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात सापडलेले अँग्लो-सॅक्सन सोने याच शिस्तीमुळे संग्रहालयात पोहोचले. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही, आणि ती नसताना केवळ यंत्र आणणे म्हणजे दात काढण्याचा चिमटा घेणे आणि वैद्यकी न शिकणे.

येलहंक्याच्या परिसरातील सर्वांत बोलका पुरावा तर यंत्राला ऐकूच येत नाही. येलहंक्याहून शहराकडे येताना लागणाऱ्या हेब्बाळ येथे 2018 मध्ये एक वीरगळ उजेडात आला. इ. स. 750 च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा. त्यावर लढताना पडलेल्या किट्टय्या नावाच्या वीराचे शिल्प आणि कन्नड लेख आहे. हेब्बाळचे जुने नाव ‘पेर्बोळल’ तो सांगतो. दगडावरून थाळी कितीही फिरवली तरी नाद येणार नाही. बेंगळूर जिल्ह्यातील शेकडो शिलालेख बी. एल. राइस यांनी 1905 मध्ये ग्रंथरूपाने छापले. त्यांतील कित्येक दगड वाढत्या शहराच्या पायाभरणीत नाहीसे झाले. उरलेल्यांचा माग काढून त्यांची त्रिमितीय छायाचित्रे जतन करण्याचे काम बेंगळूरच्या मिथिक सोसायटीने 2021 पासून हाती घेतले आहे. शेताच्या बांधावर, तळ्याच्या तूबाशी किंवा देवळामागच्या गवतात अक्षरे कोरलेला दगड दिसल्यास ती बातमी सामान्य नागरिकही पोहोचवतात. तो दगड हलवायचा नसतो. कोठे आहे तेवढे कळवायचे असते.