भरताचं वांगं कशावर भाजता? आधी सरपण बघा



थंडी पडली. कपाशीची शेवटची वेचणी होत आली, तुरीची सोंगणी सुरू आहे. आता वावरात भरताचा नाहीतर हुरड्याचा बेत ठरणारच. पाहुणे आले की धुऱ्याजवळ तीन दगड मांडायचे, हाताला येईल ती पऱ्हाटी नाहीतर तुराटी पेटवायची आणि वर वांगी टाकायची, ही आपली जुनी पद्धत. भरताला ती चव येते धुरामुळेच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती येत नाही, हे घरातलं पोरगंही सांगेल.

म्हणून आज भावाचं नाही, सरपणाचं बोलू.

*धूर अन्नात जातो*
गंजात भाजी शिजते तेव्हा धूर बाहेरच राहतो. पण वांगं, मासा किंवा मटणाचा तुकडा थेट आगीवर धरला की धूर त्याच्या ओलसर अंगावर बसतो आणि आत मुरतो. लाकूड तापून फुटलं की वास आणि रंग देणारे पदार्थ निघतात, तीच ती चव. मात्र धूर निवडानिवड करत नाही. लाकडावर रंग असेल, डिंक असेल, औषध असेल, तर त्याचाही धूर होतो आणि तोही पोटात जातो.

*मग पऱ्हाटी-तुराटीचं काय?*
2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. तेव्हापासून फवारताना तोंडाला कापड बांधायचं, हातमोजे घालायचे, हे आपण शिकलो. पण ज्या झाडावर ते औषध मारलं, त्याचीच काडी पेटवून आपण त्यावर जेवण भाजतो, हे लक्षात येत नाही.

सगळं औषध काडीवर तसंच राहतं, असं नाही. ऊन-वाऱ्याने बरंच उतरतं. पण किती उरलं ते डोळ्याला दिसत नाही. तुरीचं तर जास्त जपायला पाहिजे. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आपण फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना फवारतो, म्हणजे सोंगणीच्या अगदी जवळ. कपाशीवरची शेवटची फवारणी त्यामानाने जुनी असते, पण फवारण्यांची संख्या मोठी असते.

त्यामुळे साधा नियम ठेवा: *जे फवारलं, त्याचा धूर खायचा नाही.* आग पेटवायला दुसरं काहीच नसेल तर दोन काड्या लावा, पण जाळ पूर्ण बसू द्या. खालचं जाड लाकूड निखाऱ्यावर आलं की मगच वांगं ठेवा.

*चांगलं सरपण कोणतं?*
✅ *बाभूळ:* धुऱ्यावर असतेच. लाकूड कठीण, निखारा टिकतो, चव चांगली.
✅ *बोर, पेरू, आंबा, चिंच, जांभूळ:* फळझाडांची छाटलेली किंवा वाऱ्याने पडलेली फांदी घ्या. बागेत फवारणी झाली असेल तर तासून साल काढा, आतलं लाकूड वापरा.
✅ *धावडा:* निखाऱ्याला उत्तम. विकत मिळाला तर घ्या, त्यासाठी जंगलात जाऊ नका.
✅ *गोवरी:* हुरड्याची आगटी गोवऱ्यांचीच लावा. दाणा थेट तोंडात जातो, तिथे काडीकचरा नको.

*हे चुलीत घालू नका*
❌ *बिबा:* याचा धूर लागला तरी अंगावर उततो. तोंड सुजतं, फोड येतात. जंगलातल्या मोळीत चुकून येतो, म्हणून मोळी सोडून बघा.
❌ *कण्हेर, रुई, एरंड:* विषारी झाडं आहेत.
❌ *कडुनिंब, निलगिरी:* मच्छर पळवायला ठीक, अन्नाला कडू आणि उग्र वास लागतो.
❌ *जुनी दारं-खिडक्या, प्लायवूड, फळांच्या पेट्या:* रंगात शिसं असू शकतं, प्लायमध्ये गोंद असतो, पेट्यांच्या चीड लाकडात राळ असते.
❌ पेटवायला प्लास्टिक, टायरचा तुकडा, रॉकेल तर अजिबात नको. कोरडा पालापाचोळा पुरतो.

*वाळलेलं कसं ओळखाल?*
ओल्या लाकडाचा धूर पांढरा आणि दाट येतो, डोळे चुरचुरतात, वांगं कडू लागतं. चांगला धूर पातळ, निळसर असतो. दोन खांडं एकमेकांवर आपटा. ठणठण वाजलं तर वाळलं, ढप्प वाजलं तर ओलं. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा पडतात आणि साल सहज सुटते. आज फोडून छपराखाली रचलेलं लाकूड पुढच्या हिवाळ्यात कामाला येईल. बुरशी लागलेलं खांड मात्र बाजूला टाका.

*आणायचं कुठून?*
आपल्या धुऱ्यावरून. आंबा, चिंच, मोहा, जांभूळ ही झाडं स्वतःच्या वावरातली असली तरी तोडायला परवानगी लागते, म्हणून पडलेल्या फांदीवरच भागवा. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यातून काडीही आणता येत नाही. आणि राळेगाव-पांढरकवड्याकडच्या लोकांना वाघाचं वेगळं सांगायला नको. एका मोळीसाठी एकट्याने जंगलात जाणं परवडत नाही.

*भाजताना*
जाळावर नाही, निखाऱ्यावर भाजा. मटण-मासा थोडा उंच धरा. चरबी निखाऱ्यावर गळली की काळा धूर उठतो आणि तो तब्येतीला वाईट. करपलेला भाग काढून टाका. घरात धूर कोंडू देऊ नका, लेकरांना बाजूला ठेवा. मोठी आग नको असेल तर बाभळीचा एक निखारा वाटीत ठेवा, त्यावर तूप सोडा आणि ती वाटी भरताच्या गंजात ठेवून पाच मिनिटं झाका. तेवढ्यानेही धुराचा वास लागतो.

*आणि पऱ्हाटी?*
तिला वावरात किंवा घरामागे पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नका. किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. हंगाम संपला की उपटून, बारीक करून खत करा.

शेवटचं एक. आपल्याकडे सरपण बहुतेक घरची बाईच आणते, चूलही तीच पेटवते आणि धूरही सगळ्यात जास्त तिच्याच नाकात जातो. तिच्याकडे फोन नसेल, तर हा मेसेज आज संध्याकाळी तिला वाचून दाखवा.